आई भावाकडे आहे, पण ठीक आहे असे वाटत नाही. सुरुवात कोठून करावी?

गोदाकाठची

नमस्कार. गेली चार वर्षे मी येथे फक्त वाचत आले आहे. आज प्रथमच लिहीत आहे, आणि घरातले चव्हाट्यावर मांडतो आहोत या संकोचाने हे दोनदा लिहून खोडले आहे, तेव्हा काही विस्कळीत वाटल्यास समजून घ्यावे.

माझी आई ७९ वर्षांची आहे. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते, त्यामुळे त्यांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ती साताऱ्याला धाकट्या भावाकडे राहते. किंवा नेमके सांगायचे तर २०२३ पर्यंत भाऊ तिच्या घरात राहत होता, आणि तिने ती सदनिका बक्षीसपत्राने त्याच्या नावावर केल्यापासून ती त्याच्या घरात राहते. तेव्हा मला विचारले होते व मी मनापासून होकार दिला होता, कारण रोजचे दुखणेखुपणे जो पाहतो त्याला घर मिळावे यात मला काही वावगे वाटले नाही. आजही घरावर माझा डोळा नाही. हे आधीच लिहिते, कारण भावाचा पहिला आरोप तोच आहे.

भाऊबीजेला गेले तेव्हा आईचे पोलके खांद्यावरून उतरत होते. पायाच्या अंगठ्यांची नखे वाढून आत वळली होती. कानाचे यंत्र कपाटाच्या खणात पडले होते आणि त्यात बॅटरी नव्हती. "आणायची राहूनच गेली," असे वहिनी म्हणाली. मी ज्येष्ठात दिलेले सहा बॅटऱ्यांचे पाकीट एका कानाला फार तर दोन महिने पुरते, म्हणजे श्रावणापासून आईला जवळजवळ काहीच ऐकू येत नसावे, हा हिशेब मला परतीच्या एस.टी.त सुचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. तिचा साधा मोबाइल "बिघडला" म्हणून चार महिने बंद आहे. भावाच्या फोनवर फोन केला तर ती झोपलेली असते, नाही तर फोन स्पीकरवर असतो. तीन दिवसांच्या मुक्कामात आम्हा दोघींना दहा मिनिटेही एकांत मिळाला नाही. आई माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे गं" एवढेच म्हणाली.

देवघराच्या फळीवर तिचे पासबुक सापडले. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. बाजारात जाण्याचे निमित्त करून मी ते बँकेतल्या यंत्रावर छापून आणले. दर महिन्याच्या २ किंवा ३ तारखेला निवृत्तिवेतनाची जवळपास सर्व रक्कम एटीएममधून काढलेली आहे, आणि एक मुदत ठेव मुदतीआधीच मोडलेली आहे. आईने आयुष्यात एटीएम कार्ड हातात धरलेले नाही.

मारहाण होते असे मला वाटत नाही. उपाशी ठेवतात असेही म्हणवत नाही. मग जे चालले आहे त्याला काय म्हणावे, आणि मी काही केले तर मी नाशिकला परतल्यावर त्याचा राग तिच्यावर निघणार नाही ना, या दोन प्रश्नांपाशी मी अडकले आहे.


रात्रपाळी

ताई, मी एकोणीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले, त्यातली शेवटची आठ घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करण्यात गेली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते: याला हेळसांड म्हणतात, आणि हेळसांड व्हायला घरात कोणी दुष्ट असावे लागत नाही. परंतु वजन उतरण्याचा संबंध लगेच भावाशी जोडू नका. कवळी सैल झालेली असते, थायरॉइड असतो, मधुमेह असतो, खिन्नता असते, विस्मृतीच्या आजाराची सुरुवात असते. आधी डॉक्टर, नंतर निष्कर्ष.

पुढच्या वेळी गेलात की तिला न्हाऊ घालण्याचे काम तुम्ही मागून घ्या. माकडहाड, टाचा व खांद्यांची पाती पाहा. तेथे लाली असून ती बोटाने दाबल्यावरही जात नसेल तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या रुंदीचे निळे डाग असतील तर कोणीतरी घट्ट धरून ओढलेले असू शकते. गोळ्यांची पट्टी मोजा: खरेदीच्या पावतीवरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा मेळ बसतो की नाही, हे दोन मिनिटांत कळते. आणि पाण्याचा तांब्या तिच्या हाताला लागेल असा ठेवलेला आहे का ते बघा. रात्री लघवीला उठवावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी देण्याची पद्धत मी चांगल्या, सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, संसर्गामुळे म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागते, आणि मग "वयामुळे भ्रम होतो" असे म्हणून त्याच्या कोणत्याच बोलण्याला घरात किंमत उरत नाही. यंत्राविना न ऐकणाऱ्या माणसाचेही असेच होते. प्रश्न ऐकू आला नाही म्हणून चुकीचे उत्तर दिले जाते व बाकीचे एकमेकांकडे बघतात.

एकांताबद्दल सांगते. कानाची तपासणी करायला न्या. श्रवणतज्ज्ञांकडे ती तपासणी आवाजबंद खोलीत होते आणि तेथे रुग्ण एकटा बसतो; सोबतची माणसे बाहेर. तपासणी झाल्यावर, यंत्र कानात चालू असताना, "आम्हा मायलेकींना पाच मिनिटे बोलू द्या" एवढे सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. यात खोटेपणा नाही, कारण तिला तपासणीची गरज खरोखरच आहे. आणि तेथे "तुला त्रास देतात का" असे विचारू नका. कोणतीही आई त्याला "नाही" म्हणेल. "काल दुपारी काय जेवलीस, कोणी वाढले, रात्री उठावे लागले तर कोणाला हाक मारतेस," असे विचारा.


सून आहे मी

माझे लिहिणे कडू लागेल, पण लिहिते. माझ्या सासूबाई सात वर्षे अंथरुणावर होत्या. माझ्या दोन्ही नणंदा भाऊबीजेला यायच्या, आईच्या केसांतून हात फिरवायच्या, आणि जाताना "आईकडे जरा लक्ष दे हो" असे सांगून जायच्या. वाढलेली नखे त्यांना दिसायची. ती नखे शिंगासारखी टणक होतात, कापताना रक्त येते, म्हातारे माणूस पाय झटकते आणि सोसायटीत ऐकू जाईल असे ओरडते, हे त्यांना कधी दिसले नाही. सात वर्षांत मी एका लग्नाला पूर्ण वेळ बसले नाही.

गोदाकाठची ताई, तुम्ही शेवटचे कधी आईला सलग महिनाभर आपल्याकडे नेले होते?

बॅटरीला मात्र सबब नाही. दुकानातून आणायची ती दोन मिनिटांची वस्तू आहे. आणि निवृत्तिवेतन दर महिन्याला उचलले जात असेल तर सासूच्या पैशांचा हिशेब सासूला सांगितलाच पाहिजे. मी वहीत लिहून दर एकादशीला वाचून दाखवत असे, त्यांना अर्धे कळत नसले तरी. तेव्हा तुमच्या भावाची बाजू मी घेत नाही. मी एवढेच सुचवते की पहिले वाक्य वहिनीला "आईची ही काय दशा केलीस" असे नसावे. "तू दमली असशील, महिनाभर मी नेते" असे म्हणून बघा. ती दमलेली असेल तर तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसेल. आणि महिनाभर आई हाताबाहेर जाणार म्हणून ते दोघे घाबरले, तर तेही दिसेल.


निवृत्त शाखाधिकारी

मी बँकेत ३४ वर्षे नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झालो. पैशांच्या बाजूबद्दल लिहितो.

पासबुक छापून आणलेत ते ठीक केलेत, परंतु यापुढे प्रत्येक गोष्ट आईला सांगून, तिच्या सहीने करा. खाते तिचे आहे. भाऊ न विचारता व्यवहार करतो ही तक्रार असेल, तर तुम्हीही न विचारता काही करता कामा नये; उद्या कोणासमोर उभे राहायची वेळ आली तर हाच मुद्दा तुमच्यावर उलटेल.

शाखेत आईला घेऊन जा आणि व्यवस्थापकांना तिच्याशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलायला सांगा. पहिले काम म्हणजे खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे ते पाहणे. दहापैकी सात वेळा तो मुलाचा निघतो असा माझा अनुभव आहे. मग पैसे काढल्याचा संदेश काढणाऱ्यालाच जातो. क्रमांक बदलावा, जुने एटीएम कार्ड बंद करावे, आणि तिला नको असेल तर नवे घेऊच नये. ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. ती मागा, शाखा कुरकुर करेल, पण लेखी मागा. हात थरथरत असल्याने सही जुळत नसेल तर अंगठा चालतो, आणि बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, तो ओळखायचा असतो. "सही जुळत नाही म्हणून कार्ड मुलाकडे दिले" हे कारण त्यामुळे टिकत नाही.

मोडलेली ठेव कोणाच्या सहीने मोडली आणि रक्कम कोणत्या खात्यात गेली, हे आई स्वतः एका ओळीच्या अर्जाने विचारू शकते. उरलेल्या ठेवी "आयदर ऑर सर्व्हायव्हर", म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशा, असतील तर "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" करून घ्या; म्हणजे पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत व्यवहार तिचाच, आणि तिच्या पश्चात दुसऱ्याला रक्कम मिळण्यास अडचण नाही. भावाचे नाव काढून टाकायची गरज पडत नाही, त्यामुळे घरात भांडण न होता बरेच साधते.

कोणी कुलमुखत्यारपत्र करून घ्या असे सुचवील. आईची समज उद्या गेली तर ते मुखत्यारपत्र कायद्याने त्याच क्षणी संपते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ज्या दिवसासाठी आपण ते करतो त्याच दिवशी ते निकामी होते. शिवाय समज शाबूत असताना ते ज्याच्या हाती असेल त्याला सर्व दारे उघडी होतात. मी तरी ते टाळीन.

एक गोष्ट मनात सलते ती येथे लिहितो. पूर्वी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाला शाखेत यावे लागे. रांगा लागत, आम्ही वैतागत असू, पण वर्षातून एकदा ते माणूस आमच्या नजरेखालून जाई. कोण वाळले, कोणाचा चष्मा फुटून दोऱ्याने बांधला आहे, कोण मुलाकडे बघितल्याशिवाय उत्तर देत नाही, हे दिसत असे. आता जीवन प्रमाण पद्धतीने घरबसल्या, मोबाइलसमोर चेहरा धरून काम होते. अंथरुणावरच्या माणसाची त्यामुळे फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण तुमच्या आईला बँकेने शेवटचे कधी पाहिले, हे शाखेत विचारून बघा.

आईच्या हाती पुन्हा फोन द्याल तेव्हा बाहेरच्या चोरांचाही विचार करा. २०२४ मध्ये आमच्या शाखेत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सगळ्या ठेवी मोडायला आले. शर्टाच्या खिशात फोन होता, आणि मी काही विचारले की ते आधी खिशाकडे बघत. मी कागदावर लिहिले, "फोनवर कोणी पोलीस आहे का?" ते काही बोलले नाहीत, कागद मात्र त्यांनी उलटा करून ठेवला. मी प्रणाली बंद पडल्याचे मोठ्याने सांगितले, त्यांना आत बसवले आणि तास काढला. फोनवरच्या "अधिकाऱ्याने" त्यांना दोन दिवस स्वतःच्याच घरात "डिजिटल अटकेत" ठेवले होते. अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. कोणतीही यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पडताळणीसाठी पैसे मागत नाही. मुलाला का कळवले नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तो कामात असतो, महत्त्वाचं असेल तरच फोन करा म्हणतो." पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते.


गोदाकाठची

सर्वांचे आभार. "सून आहे मी" यांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर: पाच वर्षांपूर्वी, अठरा दिवस. त्यावर मला काही बचाव करायचा नाही.

बक्षीसपत्राची प्रत मी दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवली. त्यासाठी भावाला विचारावे लागले नाही. त्यात आईला "लिहून देणार" व भावाला "लिहून घेणार" म्हटले आहे. नेहमीच्या प्रेमापोटी-आपुलकीपोटी या शब्दांनंतर असे वाक्य आहे: "लिहून घेणार हे लिहून देणार यांची सेवाशुश्रूषा करीत आले असून यापुढेही करतील अशी लिहून देणार यांची खात्री आहे." याचा काही उपयोग आहे का? मला घर परत मिळवायचे नाही. पण तिचा तेथे राहण्याचा हक्क तरी शिल्लक आहे की नाही, हे कळावे.


प्रांत कचेरीतला

मी उपविभागीय कार्यालयात अव्वल कारकून होतो आणि निर्वाह न्यायाधिकरणाचे टेबल पाच वर्षे माझ्याकडे होते. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा बहुतेकांना नावाने माहीत असतो. तो चालतो कसा, हे थोडक्यात सांगतो.

अर्ज साध्या कागदावर होतो. तो आईने करायचा. तिला शक्य नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर आणखी ३० दिवस. महिना कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम ठरवता येते आणि प्रकरण चालू असताना अंतरिम रक्कमही देता येते. आदेश मोडला तर वसुलीचे वॉरंट निघते व एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आईला सोडून देणे हा वेगळा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे लक्षात ठेवा, ताई, की भाऊ उत्तर देताना तुम्हालाही त्यात सामील करून घेऊ शकतो, कारण कायद्याच्या दृष्टीने मुलगी हेही अपत्यच आहे. माझ्या टेबलावर आलेल्या निम्म्या प्रकरणांत असेच झाले.

पण तुमच्या आईचा प्रश्न रकमेचा नाही. निवृत्तिवेतन तिचे आहेच. म्हणून तडजोडीबद्दल अधिक लिहितो. सुनावणीआधी समेटासाठी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येते, आणि तेथे मुलगा हमखास एक वाक्य लिहून देतो: "मी आईचा व्यवस्थित सांभाळ करीन." या वाक्यावर बंद झालेली प्रकरणे सहा महिन्यांत परत येताना मी पाहिली आहेत, कारण व्यवस्थित म्हणजे काय हे कोणीच लिहिलेले नसते. आमचे एक प्रांतसाहेब ते वाक्य खोडायला लावत आणि विचारत: सकाळचा चहा किती वाजता, आंघोळीचे पाणी कोण काढणार, रक्तदाबाची गोळी कोणाच्या हातून, कपाटाची किल्ली कोणाकडे, बहिणीचा फोन कोणत्या वारी आणि स्पीकर बंद ठेवून का? मुले चिडत. एका मुलाने "हे न्यायालय आहे की स्वयंपाकघर" असे विचारले होते. परंतु तसे लिहिलेले कागद टिकले. तुम्ही न्यायाधिकरणापर्यंत जा किंवा जाऊ नका, भावाबरोबर जे ठरवाल ते अशा तपशिलात लिहा.

(काही वर्षांपूर्वी लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ती रक्कम त्यांच्या आईवडिलांना देण्याचा ठराव केला होता. त्याचे तेव्हा फार कौतुक झाले. मला मात्र वाटते की पगार कापून पैसे मिळतील, पण बॅटरी कोण घालणार?)

तुमचे बक्षीसपत्र याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली येते की नाही, हे वाक्यावर ठरेल. माझ्या मते येते.


दिवाणी बाजू

वरील शेवटच्या वाक्याशी मी इतक्या सहज सहमत होणार नाही. कलम २३ असे सांगते की मूलभूत सोयी व गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाखाली झाले असे मानून देणाऱ्याच्या इच्छेनुसार रद्द करता येते. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट होती हे दाखवावे लागेल. आईने मुलाला घर दिले एवढ्यावरून अट गृहीत धरता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे म्हणून तो उदारपणे वाचावा असे सांगून मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले व ताबाही परत देण्यास सांगितले. मात्र तेथे मुलाने सांभाळाचे वचन देणारा वेगळा कागद त्याच दिवशी लिहून दिलेला होता. तुमच्या प्रतीतील "खात्री आहे" हे शब्द या दोन टोकांच्या मधोमध पडतात. त्या सुमाराची एखादी चिठ्ठी, संदेश, साक्षीदारांचे म्हणणे जपून ठेवा. त्याने पारडे झुकू शकते.

राहण्याच्या हक्काबद्दल अधिक निश्चितपणे सांगता येते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याचे कलम १७ प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते, घर तिच्या नावावर असो वा नसो, आणि आईलाही तो लागू होतो. तेव्हा भाऊ तिला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढू शकत नाही. वकील हवा असल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत मिळतो. त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

जे अजून या वाटेला गेलेले नाहीत त्यांच्यासाठी एक निरीक्षण नोंदवतो. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, शहरांतील स्थानिक अधिभार वेगळा. इतक्या स्वस्तात "पुढची कटकट मिटते" म्हणून आईवडील हयातीतच घर देऊन मोकळे होतात. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. नोंदलेले बक्षीसपत्र एकदा स्वीकारले गेले की निव्वळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. द्यायचेच असेल तर तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवल्याचे आणि सांभाळाची अट असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहावे. दस्तलेखकाकडे तयार असलेला मसुदा गोड असतो. त्यावर सही करू नये.


गोदाकाठची

पाच आठवड्यांनी लिहीत आहे.

वहिनीला फोन करून "महिनाभर मी नेते" म्हटले. पलीकडे बराच वेळ शांतता होती, आणि मग ती रडली. तिच्या स्वतःच्या आईला पक्षाघात झाला आहे व ती आठवड्यातून दोनदा कराडला जाऊन येते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. भाऊ मात्र "आता कशी आठवण आली" म्हणून तासभर बोलला. तरी आई आली.

डॉक्टरांना थायरॉइड आढळला आणि लघवीत संसर्ग होता. खालची कवळी हलत होती, म्हणून ती भाकरी टाळून चहात बुडवलेल्या बटरवर दिवस काढत होती. कानाची तपासणी झाली. यंत्र चालू झाल्यावर तिने पहिल्यांदा पंख्याच्या आवाजाची तक्रार केली.

"रात्रपाळी" यांनी सांगितले होते तसेच मी आईला विचारले. पैसे कोण काढतो हे तिला माहीत आहे. काढू दे, त्याचा धंदा बसला आहे, असे ती म्हणाली; राग तिला याचा आहे की तो मागत नाही, परस्पर घेतो. ठेवीबद्दल मात्र तिला काहीच ठाऊक नव्हते. ऐकल्यावर ती बराच वेळ पदराचे टोक दुमडत बसली, आणि नंतर "ती ह्यांनी माझ्या दुखण्यासाठी ठेवली होती" एवढेच बोलली. न्यायाधिकरणात जायला ती तयार नाही. नाशिकला राहायलाही तयार नाही. तिला साताऱ्यालाच जायचे आहे, तिच्या खिडकीपाशी, आणि शुक्रवारच्या भजनाला.

तिच्या इच्छेविरुद्ध मी काही करणार नाही, असे ठरवले आहे. पण साताऱ्याला सोडायला गेले तेव्हा आधी शाखेत गेलो. मोबाइल क्रमांक खरोखरच भावाचा होता. तो बदलला, कार्ड बंद केले, उरलेली ठेव "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" केली, आणि मोडलेल्या ठेवीबद्दलचा अर्ज तिने स्वतः लिहिला, सुवाच्य अक्षरात, "माननीय महोदय" पासून. दरमहा ठरावीक रक्कम तिने आपणहून भावाच्या खात्यात वळवण्याची सूचना दिली आहे, तिच्या खर्चापोटी म्हणून. माझ्याकडून नखे-आंघोळ यासाठी आठवड्यातून तीनदा येणाऱ्या बाईंचे पैसे. दर चार महिन्यांनी एक महिना आई माझ्याकडे. हे सगळे कागदावर लिहिले आहे, कपाटाची किल्ली आणि रविवारच्या फोनसकट. वहिनीने सही केली. भावाने अजून केलेली नाही. बक्षीसपत्राची प्रत मी काढली हे त्याला कळले आहे.

ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा क्रमांक आईच्या नव्या फोनमध्ये दुसऱ्या बटणावर घातला आहे. पहिल्यावर मी आहे.


निवृत्त शाखाधिकारी

कागदावर भावाची सही होवो न होवो, ठेवीच्या अर्जाची शाखेचा शिक्का असलेली पोच जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तेथे पहिल्यांदा ती पोचच मागतात. या धावपळीत या वर्षीचा हयातीचा दाखला दिला गेला की नाही, तेही शाखेत विचारून घ्या. तो राहिला असेल तर निवृत्तिवेतन थांबेल आणि त्याचे खापर तुमच्या माथी फुटेल.